पांघरूण कोणावर घालावे?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत मी योसेफाचा धडा शिकवत होतो. भावांनी त्याला विकले, त्याचा पायघोळ झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि तो वृद्ध याकोबापुढे नेऊन ठेवला. पुढे मिसर देशात भावांची भेट झाली, सगळे गळ्यात पडून रडले, सगळे कुटुंब एकत्र आले. धडा संपवून मी पुस्तक मिटणार, इतक्यात मागच्या बाकावरील दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "काका, मग त्या भावांनी बाबांना खरं कधी सांगितलं?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. "पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन उत्पत्तीचे पुस्तक पुन्हा चाळले. योसेफ जिवंत आहे हे भावांनी बापाला सांगितल्याचे तेथे आहे. परंतु झग्यावरचे रक्त बकऱ्याचे होते आणि त्याला विकणारे आम्हीच होतो, असे त्यांनी बापापुढे उभे राहून सांगितल्याचा प्रसंग तेथे नाही. बाप मरण पावल्यावर मात्र त्यांना भीती वाटते व ते योसेफाकडे निरोप पाठवतात की, आम्हांला क्षमा करावी अशी बापाची शेवटची आज्ञा होती. बापाला खरोखरच सारे कळले होते, की हा निरोप भावांनी भीतीपोटी रचला, हे शास्त्र उलगडून सांगत नाही. योसेफ विकला गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि बापाला भेटला तेव्हा एकोणचाळीसच्या सुमाराचा. म्हणजे सुमारे बावीस वर्षे बाप शोक करीत होता आणि खरे ठाऊक असलेले मुलगे त्याच्याच पंक्तीला बसून जेवत होते.

त्या मुलीच्या प्रश्नाने मी अडखळलो त्याला आणखीही एक कारण होते. ते शेवटी सांगेन. तोपर्यंत वाचकांनी माझ्याबरोबर एका प्रश्नाचा विचार करावा. आपल्या घरातील माणसाचे पाप झाकणे हे प्रेम आहे की पाप आहे?

सत्य बोलावे, झाकू नये, असे उत्तर देऊन मोकळे होता आले असते तर बरे झाले असते. परंतु त्याच उत्पत्तीच्या पुस्तकात नोहाची गोष्ट आहे. द्राक्षारस पिऊन तो आपल्या तंबूत उघडा पडला होता. हामाने ते पाहिले व बाहेर जाऊन सांगितले. शेम व याफेथ मात्र वस्त्र खांद्यावर घेऊन उलट्या पावली आत गेले आणि बापाकडे न पाहता त्यांनी त्याला झाकले. आशीर्वाद मिळाला तो झाकणाऱ्यांना. म्हणजे एकाच पुस्तकात दोन वस्त्रे आहेत, एक शेम-याफेथाच्या खांद्यावरचे आणि दुसरे योसेफाच्या भावांच्या हातातले. दोन्ही वस्त्रांनी घरातील काहीतरी झाकले. मग एक झाकणे पुण्याचे आणि दुसरे पापाचे कशावरून?

ह्याचा विचार करताना मला इंग्लंडातील एक जुने खून प्रकरण आठवले. ते दीडशेहून अधिक वर्षे पुस्तकांतून पुन्हापुन्हा सांगितले गेले आहे. लोक ते रहस्यकथा म्हणून वाचतात. मला मात्र ते घरगुती पांघरुणाचे प्रकरण वाटते.

विल्टशायर व सॉमरसेट ह्या परगण्यांच्या सीमेवर रोड नावाचे खेडे आहे. तेथील रोड हिल हाऊस ह्या मोठ्या घरात सॅम्युएल केंट हे गृहस्थ राहत. ते कारखान्यांचे सरकारी उपनिरीक्षक होते. त्यांची पहिली पत्नी १८५२ साली वारली. तिचे डोके ठिकाणावर नाही असे केंट सांगत. ती हयात असतानाच मुलींना शिकवण्यासाठी ठेवलेल्या मेरी प्रॅट ह्या बाईंच्या हाती घराचा कारभार गेला होता, आणि १८५३ साली केंट ह्यांनी त्यांच्याशीच लग्न केले. पहिल्या पत्नीची चार मुले १८६० साली घरात होती. त्यांतील कॉन्स्टन्स सोळा वर्षांची होती आणि तिचा भाऊ विल्यम तिच्याहून सुमारे दीड वर्षाने लहान होता. दुसऱ्या पत्नीची तीन मुले होती व चौथे पोटात होते.

वरवर पाहता हे प्रतिष्ठित घर होते. परंतु १८५६ साली ही दोन भावंडे घरातून पळून गेली होती. बारा वर्षांच्या कॉन्स्टन्सने भावाचे कपडे घातले, आपले केस कापून बागेतल्या संडासात टाकले, आणि दोघे बाथ शहरापर्यंत पायी गेली. बोटीवर काम मिळवून दूर निघून जावे असा त्यांचा बेत होता. त्यांना पकडून परत आणले गेले. बारा वर्षांची मुलगी केस कापून समुद्राकडे धावते तेव्हा त्या घराला काहीतरी विचारायला हवे होते. विचारल्याचे दिसत नाही. 'वात्रट मुलगी' एवढ्यावर ते मिटले.

२९ जून १८६० च्या रात्री घरात लहानमोठी बारा माणसे निजली. सकाळी पावणेचार वर्षांचा सॅव्हिल आपल्या बिछान्यात नव्हता. दिवाणखान्याची खिडकी उघडी होती. काही तासांनी त्याच बागेतल्या संडासात, घोंगडीत गुंडाळलेले त्याचे प्रेत सापडले. गळा चिरलेला होता. बाहेरचा माणूस आत शिरल्याची काहीच खूण नव्हती. मारेकरी त्या बारा माणसांतच होता.

आता त्या घराने काय केले ते पाहा. स्थानिक पोलीस पहाऱ्याला आले, तर केंट ह्यांनी दोघा पोलिसांना रात्री स्वयंपाकघरात ठेवून बाहेरून कडी घातली. स्वयंपाकघरातील भट्टीच्या पोकळीत रक्ताचे डाग पडलेले बाईमाणसाचे एक वस्त्र पोलिसांना सापडले होते, ते नाहीसे झाले. पोलिसांनीही आपली फजिती कळू नये म्हणून ही गोष्ट काही महिने दडवून ठेवली. घराने घराची अब्रू झाकली आणि पोलिसांनी पोलिसांची.

जुलैच्या मध्यास लंडनहून जोनाथन व्हिचर हे डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर आले. १८४२ साली स्कॉटलंड यार्डात स्थापन झालेल्या शोध खात्यातील ते पहिल्या मानकऱ्यांपैकी होते. त्यांनी घरातल्या कपड्यांच्या यादीवर बोट ठेवले. कॉन्स्टन्सचे निजायचे झगे तीन होते, त्यांतला एक कमी होता. तो धुणाऱ्या बाईनेच हरवला असे घरातून सांगण्यात आले. ती बाई शपथेवर सांगत होती की तो झगा तिच्याकडे आलाच नाही. तिच्या शब्दाला किंमत किती असणार! व्हिचर ह्यांनी कॉन्स्टन्सला अटक केली. परंतु आठवडाभरातच मॅजिस्ट्रेटपुढे प्रकरण ढासळले. मजुराच्या घरातून आलेल्या पोलिसाने कुलीन घरातील कुमारिकेवर आळ घेतला म्हणून गावात व वर्तमानपत्रांत त्यांची निर्भर्त्सना झाली. ते लंडनला परतले. पुढे १८६४ साली प्रकृतीच्या कारणाने त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर मुलांना सांभाळणारी आया एलिझाबेथ गॉफ हिला धरले आणि पुराव्याअभावी सोडले. तरीही लोक बोलायचे थांबले नाहीत. आया व घरधनी ह्यांचे संबंध होते, मुलाने ते पाहिले, म्हणून दोघांनी त्याला मारले, अशी कंडी सगळ्या देशात पिकली. चार्ल्स डिकन्ससारखा माणसांची नाडी ओळखणारा लेखकसुद्धा हेच मानत होता. लोक घरबसल्या आपापले तर्क पत्रांनी पोलिसांना कळवीत. १८६८ साली विल्की कॉलिन्स ह्यांची 'मूनस्टोन' ही कादंबरी आली. तिच्यातील हरवलेला झगा ह्याच प्रकरणातून आलेला आहे.

पाच वर्षे असे चालले. मग २५ एप्रिल १८६५ रोजी लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात एकवीस वर्षांची कॉन्स्टन्स स्वतःच्या पायांनी आली आणि तिने गुन्हा कबूल केला. मधल्या काळात ती फ्रान्समधील एका मठात व नंतर ब्रायटन येथे पाळक आर्थर वॅग्नर ह्यांच्या आश्रमात राहिली होती. वॅग्नर हे अँग्लिकन मंडळीतले, परंतु पाळकाजवळ एकांतात पापांगीकार करण्याची रीत पाळणारे होते. त्या एकांतात तिने काय सांगितले हे न्यायालयातही सांगण्याचे त्यांनी नाकारले. त्यावरून लोक त्यांच्यावर खवळले आणि पार्लमेंटातही चर्चा झाली.

जुलै महिन्यात सॉल्सबरी येथे तिने पुन्हा 'दोषी' असे उत्तर दिले. तिच्या वकिलाने तिच्या वतीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दोष तिचा एकटीचा आहे आणि ज्यांनी इतकी वर्षे अन्यायाने संशय सोसला ते तिचे वडील व इतर सर्व निर्दोष आहेत. दुसरी, घरात तिला वाईट वागवले गेले म्हणून तिने हे केले असे कोणी समजू नये, घरात तिला केवळ माया मिळाली. फाशीची शिक्षा वाचताना न्यायमूर्ती विल्स ह्यांना अश्रू आवरले नाहीत. पुढे ती शिक्षा बदलून जन्मठेप झाली, आणि वीस वर्षे तुरुंगात काढून १८८५ साली ती सुटली.

वाचकहो, ह्या दोन गोष्टींवर जरा थांबू या. त्यांत आपला सगळा प्रश्न सामावलेला आहे.

पहिल्या गोष्टीने पांघरूण काढले. आया, धुणारी बाई, बाप, व्हिचर ह्या सगळ्यांच्या अंगावर जे बिनहक्काचे ओझे होते ते तिने आपल्या अंगावर घेतले. दुसऱ्या गोष्टीने मात्र पुन्हा पांघरूण घातले. कारण तिने डॉक्टरांजवळ सांगितलेले कारण असे की, सावत्र आई आपल्या मृत आईविषयी व पहिल्या मुलांविषयी हिणवून बोले, त्याचा सूड तिला घ्यायचा होता. १९२८ साली ह्या प्रकरणावर एक पुस्तक निघाले तेव्हा सिडनीहून प्रकाशकाकडे एक निनावी पत्र आले. ते तिनेच लिहिले किंवा तिच्या तोंडून ऐकून कोणी लिहिले असे अभ्यासक मानतात. पहिल्या पत्नीला त्या घरात कशी वागणूक मिळाली ह्याचे त्यात वर्णन आहे. म्हणजे फाशीच्या दारात उभी असतानाही ती मुलगी 'माझ्या घरी सगळे ठीक होते' असे म्हणत होती. घरातल्या ह्या गुपितामुळे आधी तिची आई गुदमरली, मग तिने त्याच गुपिताच्या विषाने एका निष्पाप बाळाचा गळा कापला, आणि शेवटी तेच गुपित ती झाकत बसली. आईवर झालेल्या अन्यायाने तिचा अपराध तसूभरही कमी होत नाही, कारण त्या बाळाने कोणाचे काय बिघडवले होते? परंतु त्या घरातला पहिला अन्याय वेळीच कोणी बोलून दाखवला असता तर दुसरा झाला नसता, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आणखी एक गाठ राहतेच. वडिलांचा वस्तरा वापरला असे तिने सांगितले, पण मुलाच्या छातीवरील भोसकल्याची जखम वस्तऱ्याने होणे कठीण. म्हणून विल्यम तिच्याबरोबर होता, आणि भावाला वाचवण्यासाठी तिने सगळे आपल्यावर घेतले, असे मानणारे अभ्यासक आहेत. २००८ साली केट समरस्केल ह्यांच्या गाजलेल्या पुस्तकातही हा तर्क मांडला आहे. विल्यम पुढे सागरी जीवांचा नामांकित अभ्यासक झाला व १९०८ साली वारला. ह्याचा उलगडा आता होणे नाही, आणि मृताच्या नावाला केवळ तर्काने डाग लावणे आपल्याला शोभत नाही. परंतु प्रश्न म्हणून तो विचारता येतो. समजा, तिने भावाचे पाप झाकले. तर ते प्रेम म्हणावे काय?

आपल्यापैकी पुष्कळांना 'होय' म्हणावेसे वाटेल. बहिणीने भावासाठी वीस वर्षे तुरुंग भोगला! परंतु त्या भावाच्या बाजूने विचार करा. ज्याचे पाप दुसऱ्याने उचलून नेले त्याला पश्चात्तापाची जागा उरली कोठे? आपल्या प्रभूने आपले पाप वाहिले ते आपण ते ओळखावे, कबूल करावे, आणि नव्याने चालावे म्हणून. पाप्याच्या तोंडावर हात ठेवून त्याच्याऐवजी शिक्षा भोगणे ही वेगळी गोष्ट आहे. ते दिसते वधस्तंभासारखे, पण त्यात सत्य नाही. ज्या प्रेमाने दुसऱ्याचा पश्चात्ताप हिरावला जातो ते अपुरे प्रेम होय.

आता शेम-याफेथाच्या वस्त्राकडे परत येऊ. नोहाची लाज त्याच्या एकट्याची होती. तंबूत त्याच्या नशेने दुसरा कोणी जखमी होऊन पडला नव्हता. म्हणून ती झाकणे हे प्रेम ठरले. योसेफाच्या भावांच्या हातातल्या झग्याखाली मात्र एक जिवंत भाऊ खाड्यात ओरडत होता आणि एक बाप रडत होता. फरक वस्त्रात नाही, वस्त्राखाली कोण आहे त्यात आहे. म्हणून घरातील गोष्ट झाकावी की सांगावी असा पेच पडला तर एकच विचारावे : ह्या पांघरुणाखाली दुसरा कोणी गुदमरतो आहे काय? कोणी नसेल, तर उलट्या पावली जा, पाहू नका, आणि झाका. चव्हाट्यावर नेणारा हाम होऊ नका. परंतु पांघरुणाखाली कोणी गुदमरत असेल, तर तुमचे झाकणे हा त्या अन्यायाचाच पुढचा भाग आहे.

ह्या कसोटीवर कॉन्स्टन्सचे पुढचे आयुष्यही पाहता येते. १८८६ साली ती ऑस्ट्रेलियाला गेली, रूथ एमिली के असे नाव घेतले, मेलबर्न येथे परिचारिकेचे शिक्षण घेतले, सिडनीजवळ कुष्ठरोग्यांची सेवा केली, मुलींच्या शाळेत मेट्रन झाली, आणि मेटलंड येथे म्हातारपणापर्यंत परिचारिकांचे वसतिगृह चालवले. १० एप्रिल १९४४ रोजी शंभर वर्षे पुरी करून ती वारली. ह्या बाई कोण, हे भोवतालच्या लोकांना ठाऊक नव्हते. हे नाव बदलणे लबाडी होती काय? मला तसे वाटत नाही. तिने शिक्षा भोगली होती. तिच्या नव्या नावाखाली कोणी निरपराध संशयाचा धनी होऊन पडला नव्हता. ते पांघरूण शेमाचे होते. आपल्या मंडळीत कोणी आपले पाप उघड करून, भोगून, नव्याने उभा राहिला असेल, तर त्याची जुनी गोष्ट लग्नाच्या मांडवात उकरून काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या बाजूनेही एक धोका आहे. त्या काळी इंग्लंडातील लोकांनी रोड हिल हाऊसच्या भिंतींआड डोकावण्याचा छंद लावून घेतला, आणि त्यांचा सगळा हुशार तर्क एका आयेच्या अब्रूवर जाऊन पडला. जे दडवतात ते दुबळ्यांना चिरडतात हे खरे, पण जे चवीने उघडतात तेही बहुधा दुबळ्यांनाच चिरडतात. सत्य आणि चहाटळपणा ह्यांचे तोंडवळे सारखे दिसतात. कोणाला सोडवण्यासाठी बोलतो आहोत की ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारावेत म्हणून, हे बोलण्यापूर्वी स्वतःला विचारले की फरक कळतो.

आपण प्रॉटेस्टंट लोक म्हणतो की पापांगीकारासाठी माणसाच्या मध्यस्थीची गरज नाही, देवाजवळ सरळ जाता येते. हे खरेच आहे, आणि त्यासाठी आपल्या पूर्वजांनी किंमत दिली आहे. परंतु ह्या सत्याची आपण एक पळवाट केली आहे. 'माझे आणि देवाचे मिटले आहे' असे म्हणून माणूस ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारावरून मान खाली घालून निघून जातो. जक्कयाने तसे केले नाही. तो सर्वांच्या देखत उभा राहिला आणि ज्यांना नाडले होते त्यांना चौपट परत देण्याचे बोलला. वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवले तर आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले आहे. देवाजवळचा पापांगीकार हा माणसाकडे जाण्याचा रस्ता आहे, त्याच्याऐवजी काढलेली पावती नव्हे. कॉन्स्टन्स वॅग्नर ह्यांच्यापाशी गुडघे टेकून थांबली असती तर एलिझाबेथ गॉफ मरेपर्यंत खुनी म्हणून ओळखली गेली असती. ती तेथून उठून न्यायालयात गेली, म्हणून तिचा पापांगीकार पुरा झाला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. एखादे मूल आपल्याजवळ येऊन 'कोणाला सांगू नका' म्हणून घरातील छळाची गोष्ट सांगते. मोठ्या माणसाने आपल्या पापाची गोष्ट सांगणे वेगळे आणि मुलाने आपल्यावरील अन्यायाची गोष्ट सांगणे वेगळे. पहिल्यात सांगणारा दोषी असतो, दुसऱ्यात तो पांघरुणाखाली गुदमरत असतो. तेथे गुप्ततेचे वचन देऊच नये. आपल्या देशात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. घराची अब्रू, मंडळीची अब्रू ह्या गोष्टी त्या मुलापेक्षा मोठ्या नाहीत.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. ती माझ्याच पांघरुणाची आहे.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या तरुण संघाचा चिटणीस होतो. हंगामाच्या सणाला लिलावात आलेले आठ हजार रुपये कपाटातून नाहीसे झाले. किल्ली चौकीदाराकडेही असे. त्याच्यावर कोणी उघड आळ घेतला नाही, फक्त किल्ली काढून घेतली. लोक त्याच्याशी जपून बोलू लागले. चार-सहा महिन्यांत तो बायकामुलांसह गावी निघून गेला. त्यानंतर वर्षभराने मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ माझ्याजवळ रडले. पैसे त्यांच्या मुलाने घेतले होते. थोडे थोडे करून त्यांनी ते अर्पणाच्या पिशवीत टाकून पुरे केले होते. ते म्हणाले, "देवाचे देवाला मिळाले, बाबा. आता हे तुझ्यामाझ्यात राहू दे. पोराचं लग्न व्हायचंय." मी 'बरं' म्हणालो. एका बापाला मी आधार दिला, हे प्रेमच आहे, असे मला अनेक वर्षे वाटत आले. चौकीदार माझ्या हिशेबातच नव्हता.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मला झोप येईना. मी त्या गृहस्थांकडे गेलो. म्हणालो, "काका, तुम्ही किंवा तुमच्या मुलाने जायला हवं. मी बरोबर येतो." ते आधी रागावले, मग बराच वेळ गप्प बसले. शेवटी मुलगाच उठला. आम्ही दोघे बसने त्या गावी गेलो. चौकीदार आता थकला आहे. त्याने आम्हांला बसायला घोंगडी टाकली, सगळे ऐकून घेतले. मुलाला शिव्या दिल्या नाहीत, की क्षमा केली असेही बोलला नाही. एवढेच म्हणाला, "माझी बायको मरताना पण म्हणत होती, तुम्ही घेतले नसतील तर मग कोणी घेतले? तिला आता कोण सांगणार?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याच्या दोन्ही मुलग्यांना बोलावून त्यांच्यापुढे सगळे पुन्हा सांगितले, आणि पुढच्या महिन्यात त्या तरुणाने मंडळीपुढे उभे राहून स्वतः सांगितले. जे उरले होते ते एवढेच होते.

पुढच्या रविवारी त्या मुलीने आठवण दिली. मी तिला सांगितले, "बाळ, भावांनी बाबांना खरं सांगितलं असं शास्त्रात लिहिलेलं नाही. पण त्यांनी लवकर सांगायला हवं होतं. बाबा ऐकायला होते तोवर."